चोरीचा गुलाब

मोरा कोळीवाडा
५ सप्टेंबर २०२५

भानू,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं. मग कागद बदलला.

मोऱ्याहून नेरूळला पोस्टाने पत्र टाकणारी शहाणी मी एकटीच असेन. पण करणार काय? फोनवर तू मला ब्लॉक केलंयस. प्रितमच्या फोनवरून लावला तर "तुझी आई बाजूला आहे का?" एवढं विचारून ठेवून देतेस. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हा कागद. आईच्या बाराव्याला जे झालं त्यावर मला बोलायचं नाही. "ताईने आईला मोऱ्यात धरून ठेवलं, माझ्याकडे येऊ दिलं नाही," असं तू चार माणसांत म्हणालीस, मग मीही तोंडाला येईल ते बोलले, आणि दोन वर्षं झाली. ते राहू दे.

मुद्द्याचं सांगते. आईच्या गुलाबाच्या फांद्या कुणीतरी चोरल्या आहेत.

गौरी बोळवायला आम्ही सगळे बंदरावर गेलो होतो. घराला कुलूप, फाटकाला नुसता खटका. परत आलो तर अंगणातल्या गुलाबाच्या दोन फांद्या गायब. नुसती फुलं गेली असती तर म्हटलं असतं, नेली कुणी देवाला. पण इथे फांद्या कापल्या होत्या. तिरक्या, एका घावात. आणि कापल्या जागी हळद लावलेली.

चोर हळद घेऊन येतो का गं?

कापलं की हळद लावायची ही खोड आपल्या आईची. बोट कापो नाहीतर झाड, औषध एकच. मी अजून कुणाचं नाव घेत नाही. पण माझे डोळे उघडे आहेत एवढं ध्यानात ठेव.

फांद्यांचं एवढं काय, म्हणशील. तुला इथलं काही ठाऊक नाही म्हणून सांगते. पलीकडे भराव पडल्यापासून उधाणाचं पाणी थेट अंगणात येतं. खारं पाणी मुळाशी मुरलं की पानांच्या कडा करपतात. झाड एका अंगाने वाळलंय. मी फांद्या लावून बघितल्या, कुंडीत, तेलाच्या डब्यात, पाण्याच्या बाटल्या कापून त्यांत. एक लागेल तर शपथ. आईची या घरात आता तेवढीच एक जिवंत गोष्ट उरली आहे, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत चाललीय.

म्हटलं, निदान जात तरी कळावी, म्हणजे दुसरं रोप आणता येईल. तुर्भ्याचा नर्सरीवाला फोटो बघून म्हणाला, काश्मिरी. पनवेलचा म्हणाला, गावठी. प्रितमने फोनमधल्या अ‍ॅपला विचारलं, तर ते म्हणतं हा गुलाबच नाही, पिओनी नावाचं थंड मुलखातलं फूल आहे. थंड मुलूख म्हणे! मे महिन्यात मोऱ्याला येऊन बस म्हणावं.

दोष त्या अ‍ॅपचाही नाही म्हणा. फूल आहेच तसं. फिकट गुलाबी, वाटीएवढं, आणि आत पाकळ्या अशा कोंबलेल्या, जसे पाटीत बोंबील रचावेत. स्वतःच्याच वजनाने मान खाली घालतं. वास गुलाबाचा, पण मागाहून किंचित लवंग.

आईने तो कुठून आणला, हे तुला कधी बोलली होती का? मी विचारलं की म्हणायची, "आनला कुठशी तरी." आणि लगेच टोपली उचलून मासे विकायला चालू पडायची. एवढं लपवण्यासारखं काय होतं कोण जाणे.

कळवायचं तर कळव.

मंजुषा


मोरा
२३ सप्टेंबर २०२५

भानू,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

परवा सर्वपित्रीला आईचं पान ठेवलं. वर गुलाब ठेवायला फूल एकच होतं, तेही करपलेलं. कावळा मात्र लगेच शिवला. आईला खायची घाई पहिल्यापासूनच.

तपास चालू आहे. पहिला संशय गंगूआत्यावर. भिंतीला भिंत लागून घर, आणि दुसऱ्याच्या अंगणातली तुळससुद्धा तिला आपल्या अंगणापेक्षा हिरवी दिसते. मी बोंबील वाळत घालता घालता सहज विषय काढला, तर उलट तीच माझ्यावर घसरली.

"माज्यावर आल घेतेस व्हय गो? मी क्या करू तुजा काटेरी झाड? एक बाय आलती त्या दिशी. तोंडाला ओढनी, डोल्याला काला चश्मा. फाटकाला हात लावला नि फाटक उगडलं."

"तू विचारलं नाहीस, कोण म्हणून?"

"मना वाटलं घरचीच कुनी हाय. तुमच्या फाटकाचा खटका घरच्याबिगर कुनाला उगडतो?"

आता बोल. तो खटका आधी वर उचलून मग डावीकडे ढकलायचा असतो, हे कुरियरवाल्याला गेल्या पाच वर्षांत जमलेलं नाही. ओढणी आणि चष्मावालीला पहिल्या झटक्यात जमलं.

दुसरी संशयित बतूल मॅडम. उरणच्या कॉलेजात झाडापाल्याचा विषय शिकवायच्या, आता रिटायर. प्रितमने कुठून तरी त्यांचा नंबर काढला. त्या आल्या, आणि चपला काढता काढता पहिला प्रश्न काय? "भानुमती कशी आहे?" बारावीला तू त्यांच्या हाताखाली होतीस म्हणे. माझी विद्यार्थिनी, माझी विद्यार्थिनी. मी साधा चहा केला, वेलची घातली नाही.

मग त्यांनी भिंग काढलं. एका देठाला पानं किती, काटे सरळ की वाकडे, कळीच्या बाहेरच्या हिरव्या पाकळीला केसासारखी लव आहे का, सगळं बघितलं. म्हणाल्या, "मंजुषाताई, हा आजकालच्या नर्सरीतला नाही. जुना आहे. याला बी धरत नाही, म्हणजे हा आपसूक कुठे उगवत नाही. जिथे जिथे असेल तिथे कुणीतरी हाताने फांदी नेऊन लावलेला असणार." नावाचं विचारलं तर म्हणाल्या, नाव सापडलंच नाही तर जो सांभाळतो त्याचं नाव देतात.

मग त्यांनी फूल नाकाशी नेलं आणि डोळे मिटून बसूनच राहिल्या. चहावर साय धरली. मला ते काही बरं दिसलं नाही. वासाने माणसाला एवढं काय आठवतं? निघताना एक फूल मागून घेतलं, ओल्या रुमालात बाळंतिणीच्या बाळासारखं गुंडाळलं, आणि गेल्या. रिक्षा वळेपर्यंत मी फाटकात उभी होते.

आता माझा हिशेब ऐक. सांभाळणाऱ्याचं नाव देतात. मॅडम तुला ओळखतात. ओढणीवालीला खटका ठाऊक आहे. तुला नेरूळच्या तेराव्या मजल्यावर दोन कुंड्यांत हा गुलाब लावून, त्याला स्वतःचं नाव देऊन, फेसबुकवर मिरवायचं आहे. आईला तू वर्षाकाठी चारदा भेटायला येणार, आणि आता तिचा गुलाब 'भानुमती गुलाब'!

फाटकाला कुलूप घातलंय. दोन किल्ल्या आहेत आणि दोन्ही माझ्या कमरेला.

मंजुषा


मोरा
९ ऑक्टोबर २०२५

भानू,

हे पत्र बसून वाच. आपली आई चोर होती.

मी संतापून लिहीत नाहीये, खरं तेच लिहितेय. जी बाई गिऱ्हाइकाच्या पिशवीत चुकून जास्त गेलेली कोलंबी परत घ्यायला लाजायची, 'नको, त्याच्या नशिबाची होती' म्हणायची, ती.

कोजागिरीच्या उधाणाला पाणी पहिल्या पायरीपर्यंत आलं. दुसऱ्या दिवशी गुलाबाची पानं हात लावला की गळत होती. त्याच दुपारी बतूल मॅडम रिक्षा घेऊन दारात. म्हणाल्या, चला, तुम्हाला कुणाला तरी भेटवायचंय. मी कुलूप दोनदा ओढून बघितलं आणि बसले.

उरणच्या मोहल्ल्यात त्यांची मावशी राहते, सकिनाबी. नव्वदीच्या घरात आहे, डोळ्यांनी दिसत नाही, पण जीभ शाबूत. लहानपणी मॅडम तिच्याकडे सुट्टीला जायच्या तेव्हा तिच्या परसात हाच वास असायचा म्हणे. त्या दिवशी माझ्या अंगणात डोळे मिटून त्या तेच शोधत होत्या. ते फूल त्यांनी सकिनाबीच्या हातात नेऊन दिलं, तर म्हातारी हुंगून म्हणाली, "ह्यो सखूनं चोरलेला."

मी म्हटलं, "आजी, माझी आई चोरी करणारी नव्हती."

तर ती दात नसलेल्या तोंडाने हसायला लागली. "अगो, मीच चोरायला लावला तिला! रोज मासली घेऊन यायची नि झाडापाशी ठेपायची. मी म्हनलं, सखू, ने की फांदी. तर म्हनते, नको भाबी, दिलेली फांदी लागत नाय, चोरून नेलेलीच लागते. मग मी म्हनलं, बरं बाय, मी आत मासली धुवाया जाते. मागचं दार उगडं हाय. नि मी पाठ केली."

"मग?"

"मग क्या? मी पापलेट धूत बसली. कातरीचा आवाज आयकला. बाहेर आली तं सखू पाटी डोक्यावर घेऊन उभी, लय साळसूद. दोगींनी त्या गोष्टीचं नाव काडलं नाय कदी. थँक्यू म्हनलं तं झाड जळतंय."

भानू, तुला आठवतं, आपल्या लहानपणी मोगऱ्याचं रोपटंसुद्धा आई दुसऱ्याच्या कुंपणावरून हळूच उचलायची आणि आपल्याला म्हणायची 'मागं बघू नका, चला'? मला वाटायचं गंमत करतेय.

मी सकिनाबीला गुलाबाचं नाव विचारलं. म्हणाली, "मना क्या ठाव? माज्या सासूनं आनलेला, तिनं बी कुठशी तरी असाच. चोरानं नाव इचारायचं नसतं." रिक्षात मॅडम म्हणाल्या की नाव हरवलं ते यामुळेच. विकत घेतलेल्या रोपाला चिठ्ठी असते, बक्षीस दिलेल्याला देणाऱ्याचं नाव असतं. हा पिढ्यान्‌पिढ्या परसातून परसात चोरीनेच आलेला, त्याला नाव कोण लावणार?

घर नवं बांधताना सकिनाबीचा गुलाब मेला. म्हणजे मॅडमना माहीत असलेला असा गुलाब आता एकच, आपल्या अंगणातला, आणि तोही खाऱ्या पाण्यात.

घरी उतरल्यावर मी मॅडमना विचारलं, सगळ्यांच्या लागतात मग माझ्याच फांद्या का मरतात? त्यांनी माझे डबे बघितले. "तुम्ही काय करता नक्की?" मी सांगितलं, काही नाही, पाणी घालते, आणि मूळ फुटलं का ते दोन-चार दिवसांनी उपटून बघते. नाहीतर कळणार कसं?

त्यांनी हातातला डबा खाली ठेवला. म्हणाल्या, "ताई, तुम्ही बघता म्हणून त्या मरतात. चोर बिचारा लावतो आणि भीतीने तिकडे फिरकत नाही, म्हणून त्याचं लागतं."

प्रितम इतका हसला की मी त्याला जेवायला वाढलं नाही. पण मला हसू आलं नाही. आईच्या शेवटच्या दिवसांत मी तिची नाडी अशीच घटका-घटकेला बघायची. ती म्हणायची, "जरा सोड गो हात, निजू दे." बाराव्याला तू मला जे म्हणालीस ते मला तेव्हा लागलं, आणि अजून लागतंय. तू बरोबर होतीस असं मी म्हणत नाहीये.

मंजुषा


मोरा
२८ ऑक्टोबर २०२५

भानू,

भांडं फुटलं. दिवाळीच्या फराळाला बसल्या बसल्या प्रितमच्या तोंडून निघून गेलं, "मावशीच्या कुंडीतल्या पण दोन्ही गेल्या ना." मग जीभ चावली. मी चकलीची कढई उतरवून ठेवली आणि त्याला समोर बसवलं.

म्हणजे गौरीच्या दिवशी घर किती वाजता रिकामं असेल ते माझ्याच मुलाने तुला सांगितलं. महाप्याला कंपनीत बसून हे कारस्थान! गंगूआत्याने तुला ओळखलं होतं, चहासुद्धा पाजला, आणि माझ्यासमोर ओढणी-चष्म्याचं नाटक केलं. सगळ्या गावात बाहेरची मी एकटीच. खूप राग आला, सांगून ठेवते. दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले कारण मीठ संपलं होतं.

मग प्रितम म्हणाला की तू फेसबुकचं काही करणार नव्हतीस. पाणी अंगणात येतंय, झाड चाललंय आणि आई काही कुणाला फांदी देणार नाही, हे त्याने तुला सांगितलं तेव्हा तू फोनवर रडलीस. 'आई' म्हणजे मी. मी देणार नाही, असं माझा मुलगा म्हणाला आणि तुला ते लगेच पटलं. हे मला जास्त लागलं.

तुझ्या फांद्या का मेल्या ते मी सांगते. मॅडम म्हणतात फुलावर आलेली फांदी कापली म्हणून. मी म्हणते, तू प्रितमला विचारून आलीस म्हणून. ती अर्धवट चोरी झाली. आईने असं कधी केलं नसतं.

गुलाबाला आता एकच हिरवी फांदी उरली आहे, भिंतीकडची. पाच तारखेला पौर्णिमा आहे, पाणी येणार. त्यानंतर काही राहील असं मला वाटत नाही. मी कापून लावली तर ती मरेल, कारण मी बघितल्याशिवाय राहणार नाही. स्वतःच्या अंगणात स्वतःला चोरीही करता येत नाही.

मी तुला बोलावत नाहीये. बोलावलेला चोर नसतो.

फक्त सांगते. येत्या रविवारी सकाळी प्रितम आणि तुझे भावजी भाऊच्या धक्क्याला जाणार आहेत. मी मागच्या मोरीवर मासे धूत बसणार आहे, फाटकाकडे पाठ करून. फाटकाचं कुलूप गंजलं म्हणून काढून टाकलंय. ओट्यावर आईची कातर आहे, धार लावून आणलीय. वाटीत हळद आहे, ती माझ्या कामाला ठेवलीय, गैरसमज नको. मला हल्ली नीट ऐकूही येत नाही.

ताई


मोरा
७ नोव्हेंबर २०२५

बाय भानू,

रविवारी मी हलवा धूत होते. तीन-तीनदा धुतला. त्याला चव उरली नव्हती असं तुझे भावजी म्हणतात.

फाटकाचा खटका आधी वर, मग डावीकडे. मला ऐकू आलं. पावलं आली ती झाडापाशी थांबली. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं फांदी सापडत नसेल, सांगावं का, भिंतीकडची म्हणून? मी दात दाबून गप्प बसले. तू नाक ओढलंस. तू लहान असताना तापातही असंच नाक ओढायचीस. तेव्हा मला मागे वळायचं होतं. माझे हात माशाच्या रक्ताने भरले होते, तरी तशीच उठून तुला धरावंसं वाटलं. आयुष्यात काही न बघता बसले असेन तर ती तेवढीच वेळ.

मग कातरीचा आवाज झाला. एकच. आईसारखा.

तू गेल्यावर ओट्याशी आले. कातर पुसून ठेवलेली, हळदीत बोट बुडवल्याची खूण. झाडावर कापल्या जागी पिवळा ठिपका. मी थँक्यू म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस.

परवा पाणी आलं, या वेळी ओट्यापर्यंत. काल सकाळी गुलाब मुळातून हलला. मी हात लावला तर सहज हातात आला. रडले, खोटं कशाला बोलू? मग गंगूआत्या आली, ती माझ्यापेक्षा मोठ्याने रडली, कारण तिलाही एक फांदी चोरायची होती आणि धीर झाला नव्हता.

तेव्हा आता तो गुलाब जगात असेल तर तुझ्या तेराव्या मजल्यावर आहे. बतूल मॅडम विचारत होत्या, नावाचं काय करायचं? मी म्हटलं, राहू दे. नाव लावलं की कुणीतरी मागायला येईल, आणि मागून नेलेला लागायचा नाही.

मूळ फुटलं का, मी विचारत नाही. प्रितमलाही विचारायचं नाही म्हणून शपथ घातली आहे. तू कळवू नकोस. फोटो पाठवू नकोस. ब्लॉक काढलास तरी तो विषय नको.

शिमग्यानंतर एखाद्या रविवारी मी नेरूळला येईन. तुला सांगून येणार नाही. मासे घेऊन येईन, एवढं खरं. ते तू माझ्या हातातून घे, दार उघडं ठेव, आणि आत जाऊन धुवायला बस. सावकाश धू.

आणि पाठ माझ्याकडे ठेव.

तुझी,
ताई